‘ग्लूम’साठी मराठीत ‘मळभ’ चालेल का?

शब्दवेल्हाळ
एका इंग्रजी कथेचं भाषांतर करते आहे. त्यात एक बाई जुन्या घराचं दार ढकलते आणि आतल्या ‘ग्लूम’मध्ये (gloom: अंधारलेपण आणि उदासपणा एकाच शब्दात) डोळे ताणून बघते. मी आधी ‘अंधारात’ लिहिलं, खोडलं. मग ‘काळोखात’ लिहिलं, तेही खोडलं. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने ‘विषण्ण अंधार’ सुचवलं. ते मला अजिबात पटत नाही. मूळ लेखकाने एका शब्दात जे साधलंय, त्याचे दोन तुकडे करून पुन्हा का जोडायचे?

माझं मत स्पष्ट आहे. याला ‘मळभ’ हा तोडीस तोड शब्द आहे. आभाळावर येतं तेही मळभ, मनावर येतं तेही मळभ. इंग्रजीत ग्लूम उतरतो आणि उठतो, आपल्याकडे मळभ दाटतं आणि हटतं. यापेक्षा जवळचं काय मिळणार?

पायरीचा दगड
असहमत. मळभ यायला आभाळ लागतं, नाहीतर मन. चार भिंतींच्या आत ते कसं येईल? ‘खोलीत मळभ होतं’ हे एकदा मोठ्याने म्हणून बघा.

आणि ग्लूम म्हणजे पूर्ण अंधार नव्हेच. दार उघडल्यावर कपाटाची कड दिसते, खुर्चीत कुणीतरी बसलंय हे कळतं, पण चेहरा ओळखू येत नाही. डोळे ताणावे लागतात ते म्हणूनच. तिथे साधं ‘अंधुक उजेडात’ लिहा.

मुळाक्षर
दोघेही अंधारापासून सुरुवात करताय, पण शब्दाची सुरुवात तिथे नाही. १४व्या शतकाच्या अखेरीस ‘ग्लूम’ हे क्रियापद होतं आणि अर्थ होता कपाळाला आठ्या घालून, नाराजीने बघणं. अंधार या अर्थाचं नाम १७व्या शतकात मिल्टनच्या कवितेत भेटतं. म्हणजे आधी चेहरा काळवंडला, खोली नंतर. ‘ग्लोमिंग’ म्हणजे संधिप्रकाश, तो याचा भाऊ वाटतो, पण ते कूळ वेगळं.

आपल्या शब्दांची घडण बघा. ‘विषण्ण’च्या मुळाशी खाली बसणं, खचणं आहे. ‘उदास’च्या मुळाशी अलिप्त बसणं. दोन्हींत अंधार नाही. म्हणून ‘विषण्ण अंधार’ मलाही जोडकाम वाटतं. ग्लूमचा जुना अर्थ मराठीत हवा असेल तर ‘सुतकी चेहरा’ इतका थेट शब्द दुसरा नाही.

पायरीचा दगड
व्युत्पत्ती वाचून आनंद झाला, पण भाषांतर आजच्या वापराचं करायचं असतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये थंड समुद्रावरून खालचे ढग येतात आणि सकाळभर ऊन अडवतात. त्याला लोक सरळ ‘जून ग्लूम’ म्हणतात. त्यात कुणाच्या आठ्या नाहीत, कुणाचं दुःखही नाही. (तिथे मात्र ‘मळभ’ चपखल बसेल, हे कबूल.)

निळी शाई
मला वेगळीच काळजी आहे. हल्ली ‘ग्लूम’ दिसला की भाषांतरात ‘नैराश्य’ येतं. हे चूक आहे आणि त्याने नुकसान होतं. नैराश्य हे डिप्रेशन या आजाराचं नाव म्हणून रुळलंय. तो एका माणसाला होतो, त्यावर उपचार असतात. ग्लूम बहुतेकदा वातावरणाचा असतो. सामना हरल्यावर सगळ्या संघावर पसरतो, बाजार पडला की अर्थतज्ज्ञांचा अंदाज ‘ग्लूमी’ होतो. अशा अंदाजाला ‘निराशाजनक’ म्हणावं, ‘डूम अँड ग्लूम’ला ‘सगळं बुडालं असा सूर’. आजाराचा शब्द आजारासाठी राहू द्या. ज्याला तो खरंच झालाय, त्याचं म्हणणं त्याशिवाय कुणी गांभीर्याने घेणार नाही.

शब्दवेल्हाळ
नैराश्याबद्दल शंभर टक्के सहमत. ‘खोलीत मळभ’ मोठ्याने म्हणून पाहिलं. नाही जमत, मागे घेते. पण ‘अंधुक उजेड’ मला फार कोरडा वाटतो, त्यात फक्त प्रकाश मोजला जातो. आत्ता असं केलंय: ‘तिने दार ढकललं. आतल्या झाकोळात आधी फक्त खुर्चीची पाठ दिसली.’

पायरीचा दगड
‘झाकोळ’ चालेल. माझ्या ‘अंधुक’पेक्षा बरा आहे. फक्त तीच बाई पुढे कुठे ‘ग्लूमिली’ उत्तर देत असेल, तर तिथे झाकोळ ओढून आणू नका. सरळ ‘तोंड पाडून’ लिहा.