मदत हवी आहे: भावाला फॅब्री निघाला, आईची तपासणी कुठे करावी? (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला, वय ३६, दिवाळीनंतर फॅब्री रोगाचं निदान झालं. म्हणजे एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे पेशींत एक प्रकारची चरबी साठत जाणारा आनुवंशिक आजार. लघवीतून प्रथिनं जात होती म्हणून किडनीची बायोप्सी झाली, मग जीन तपासणी. दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणजे तो आईकडूनच आलाय. पण आईचं काय, हे विचारल्यावर "बायका नुसत्या वाहक असतात" एवढंच उत्तर मिळालं.

मला ते पटत नाही. आमची निफाडला द्राक्षबाग. खरड छाटणीला, भर एप्रिलात, बाकीच्या बाया बांधावर भाकरी खायला बसायच्या तेव्हा आई विहिरीच्या पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेली असायची. तळपायांची नुसती आग. घाम तिला फुटायचाच नाही. आजी म्हणायची, कामाच्या वेळी हिचे नखरे. आता आई ६३ची आहे. दोन वर्षांपूर्वी टूडी इकोमध्ये हृदयाची भिंत जाड दिसली, तेव्हा बीपीमुळे असेल म्हणाले. तिला बीपी कधीच नव्हतं हो!

मी हट्टाने तिची एन्झाइम तपासणी करून घेतली. फॅब्रीत कमी पडणारं एन्झाइम, अल्फा गॅलॅक्टोसिडेज, नॉर्मल आलं आणि फाइल बंद झाली. नंतर वाचलं की बायकांच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, आणि कुठल्या अवयवात बिघडलेला किती पेशींत चालू राहील याचा नेम नाही. त्यामुळे रक्तात एन्झाइम ठीक दिसलं तरी हृदयात, किडनीत ती चरबी साठत राहू शकते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही धोका असतो. म्हणून बायकांमध्ये जीन तपासणीच करावी लागते. भावाचा नेमका दोष माहीत असल्याने आईचा तेवढाच तपासता येईल ना?

मुंबईच्या केईएमला दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे. तिथे कुणी आईला किंवा बहिणीला घेऊन गेलंय का? पंचवटी एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी परतता येतं की मुक्काम लागतो? हृदयाचा एमआरआय नाशिकमध्ये करून नेला तर चालतो का? केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजारांच्या २०२१च्या धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण फॅब्रीसाठी अवयवांचं मोठं नुकसान होण्याआधी निदान व्हायला हवं अशी अट आहे. भिंत जाड झालेल्या बाईला ती मिळाली का कुणाला? दर पंधरा दिवसांनी लागणारी एन्झाइमची इंजेक्शनं आमच्या आवाक्यातली नाहीत.

भावाला सहा वर्षांची मुलगी आहे. बापाचा एक्स मुलीला मिळतोच, त्यामुळे तिच्यात दोष असणारच. तिच्यासाठी कोणत्या वयापासून काय बघायचं? माझी शक्यता निम्मी, मी आईबरोबरच रक्त देणार आहे.

आणि आईला तयार कसं करू? रोज एकच पालुपद: "मला काय धाड भरलीये, आधी पोराचं बघा." ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा.