मदत हवी आहे: जाळी वाचवायला बोयावर (जाळ्याच्या तरंगत्या खुणेवर) दिवा कोणता लावता?

मालवणला आमची छोटी होडी आहे, गिलनेट (मासा कल्ल्यात अडकतो ते जाळं) मारतो. दिवाळीपासून चार जाळी गेली. एक खडपात अडकून फाटलं, ती चूक आमचीच. एक पुनवेच्या उधाणात करंटने ओढून नेलं. उरलेल्या दोन्हींचे नुसते बोये सापडले, दोर बोटीच्या पंख्याने छाटल्यासारखा तुटलेला. रात्री ट्रॉलर वरून गेला असणार, पण पुरावा काय देणार? नायलॉन कुजतही नाही, तळाशी पडून मासे मारत राहतं.

बोयावर काळा झेंडा आहे, अंधारात तो कोणाला दिसणार म्हणा! लुकलुकणारा दिवा कोणी लावलाय का? खाऱ्या पाण्यात किती दिवस टिकतो? आणि बुडालेलं जाळं नांगर ओढून शोधता येतं का?