मदत हवी आहे : समूह शाळेबद्दल उमेदवाराला काय विचारू?

नमस्कार मंडळी. आमची वस्ती धारूर तालुक्यात, जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, पट १४. आमच्या गटातून जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभे असलेले एक उमेदवार पारावर म्हणाले, वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करू, गाडी देऊ. शिक्षक वाढतील, हे मलाही पटतं. पण दिवाळीआधी अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते, लेकरं आजीजवळ राहतात. सहा वर्षांच्या पोरीला गाडीपर्यंत कोण नेणार? ओढ्याला पाणी आलं तर? शिक्षण हक्काच्या २०११ च्या राज्य नियमांत तर पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत सांगितलीय.

कुणाच्या गावची शाळा अशी जोडली गेलीय का? गाडी वर्षभर येते का? मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. समितीनं विरोधाचा ठराव घेतला तर तो कुठं द्यायचा? उमेदवार रविवारी परत येणार आहेत, त्याआधी सांगा.