युद्धनौकेचा 'रॅम': मेंढा, चोच की आणखी काही?

भाषांतरी
रोम आणि कार्थेज यांच्यातल्या पहिल्या प्युनिक युद्धावरचा मजकूर मराठीत आणतोय. इ.स.पू. २४१, सिसिलीजवळच्या एगादी बेटांची लढाई. नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) तळाशी, पाण्याच्या पातळीला, शत्रूच्या जहाजाला धडक द्यायला बसवलेल्या काशाच्या रॅमला मी 'चोच' लिहिलं, कारण लॅटिन 'रोस्ट्रम' म्हणजे चोचच. संपादकांनी ते खोडून 'मेंढा' केलं. काय ठेवू? आणि 'रॅम मारून जहाज बुडवलं' हे वाक्य चालेल ना?

तत्सम
मेंढा नकोच. रोमनांचा मेंढा (एरीस) म्हणजे तटबंदी फोडायचा ओंडका, तो जमिनीवरचा. ग्रीकांचा शब्द 'एम्बोलोस', आत घुसवायची पाचर. 'आघाततुंड' घ्या. 'वक्रतुंड' सगळ्यांच्या तोंडी आहेच.

उलटं_वल्हं
आघाततुंड! एवढं म्हणेपर्यंत समोरचं जहाज निसटेल.
'चोच'ची अडचण वेगळी आहे, तिने टोक डोळ्यांपुढे येतं. १९८० मध्ये इस्रायलच्या किनाऱ्यावर अथलितजवळ सापडलेला रॅम पाहा: ४६५ किलो, लांबी सव्वादोन मीटर, एकाच ओतीत घडवलेला, आणि तोंड चक्क बोथट, त्यावर तीन आडवी पाती. त्या काळी फळ्या कडेला कड भिडवून जोडत. कडांमध्ये खाचा, खाचांत चपट्या पाचरा, वरून खुंट्या. बोथट तोंडाचा दणका बसला की फळीला नुसतं भोक पडत नाही, सांधेच लांबवर उसवतात. टोक असतं तर आत रुतून बसलं असतं, आणि रुतलेल्या जहाजावर समोरचे सैनिक आरामात उतरणार. म्हणून टक्कर होताच उलटं वल्हवून मागे यायचं. 'घण' म्हणा सरळ.

तत्सम
घण सुटा असतो, हा जहाजाच्या हाडाचा भाग. तळाचा कणा, नाळेचं लाकूड आणि दोन्ही कुशींच्या जाड आडव्या पट्ट्या त्या काशाच्या आवरणात एकत्र येतात, म्हणजे दणका सगळ्या सांगाड्यात वाटला जातो. नाहीतर आपलंच तोंड फिरतं. अलालियाच्या लढाईत फोकियन ग्रीक जिंकले, पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की त्यांची ६० पैकी ४० जहाजं गेली आणि उरलेल्या २० चे रॅम वाकले!

गुराब
रोमनांचा 'कॉर्वस' म्हणजे कावळा, आणि आपल्या मराठा आरमारातल्या गुराब या लढाऊ जहाजाच्या नावाचं मूळ अरबी 'घुराब', तोही कावळाच. दोन्हीकडे चोच! तेव्हा 'चोच'ला माझं मत.

उलटं_वल्हं
कॉर्वस हा रॅम नव्हे हो. इ.स.पू. २६० ला मायलीच्या लढाईत रोमनांनी वापरलेला तो पूल, खाली खिळा असलेला. शत्रूच्या डेकवर आपटून रोवायचा आणि सैनिक पलीकडे धाडायचे. म्हणजे टकरीच्या कसबात कच्चे होते म्हणून काढलेली तोड. आणि गुराबेच्या नाळेवर तोफा असत, रॅम नाही.
त्यापेक्षा 'बुडवलं' या शब्दाकडे बघा. ट्रायरीम, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगांची युद्धनौका, हलकी, पोटात दगडधोंड्यांचा भार नाही. सांधे उसवले की पाणी भरून ती काठोकाठ खाली बसे, पण तरंगत राही. इ.स.पू. ४३३ च्या सिबोटाच्या लढाईनंतर कॉरिंथवाले 'बुडवलेली' जहाजं ओढून न्यायला थांबले नाहीत, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. तळाशी गेलेलं जहाज ओढणार कसं?

गुराब
मग एगादीजवळ ८० मीटरच्या आसपास खोलीवर वीसहून जास्त रॅम कसे निघाले? तरंगत गेले तिथे?

उलटं_वल्हं
ट्रायरीमबद्दल बोलतोय मी. एगादीला कार्थेजची जहाजं सिसिलीतल्या फौजेसाठी धान्य आणि सामान भरून चालली होती. अशा ओझ्याचं पाणी भरलेलं जहाज तळ गाठणारच.

तत्सम
म्हणजे या मजकुरात 'बुडवलं' बरोबरच की! हरकत कशाला घेतलीत?

उलटं_वल्हं
कार्थेजच्या भरलेल्या जहाजांपुरतं. रोमन जहाजं सामान किनाऱ्यावर उतरवून आली होती. त्यांना 'निकामी केलं' लिहा.

भाषांतरी
'मेंढा' काढतोय. 'चोच' की 'घण', ते कुणी सांगेल का?

तत्सम
आघाततुंड.