मंगोलियातील हरणशिळा: डिजिटल प्रतिमांकनातून नेमके काय हाती लागते?

प्रश्न
मंगोलियातील कांस्ययुगीन हरणशिळांचा, म्हणजे हरणांच्या आकृती कोरलेल्या उभ्या दगडांचा, 2023 मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून मी त्यांची छायाचित्रे पाहत आहे. उशिगीन ओव्होर येथील मानवी चेहरा कोरलेली 14 क्रमांकाची शिळा एका छायाचित्रात चोचीसारख्या तोंडाच्या हरणांनी भरलेली दिसते, तर दुसऱ्यात तोच दगड जवळजवळ सपाट वाटतो. कागदावर ठसे घेण्याची पद्धत असताना डिजिटल प्रतिमांकनाची गरज का भासावी?

उत्तर 1
हा फरक प्रकाशाचा आहे. कोरीवकाम उथळ व झिजलेले असल्याने ते तिरप्या उजेडातच उठून दिसते. ‘आरटीआय’ (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) या छायाचित्रण पद्धतीत कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून केवळ दिव्याची जागा बदलत अनेक छायाचित्रे घेतात. दगडाशेजारी ठेवलेल्या चकचकीत काळ्या गोळ्यावर उमटलेल्या प्रकाशबिंदूवरून संगणक दिव्याची दिशा ओळखतो आणि पृष्ठभागाच्या कणाकणाचा उतार काढतो, त्यामुळे नंतर पडद्यावर हव्या त्या बाजूने उजेड पाडता येतो. उघड्या गवताळ प्रदेशात भर उन्हात दिव्याचे काही चालत नाही, म्हणून हे काम बहुधा रात्रीच करावे लागते. शिवाय ठसा घेताना दगडाला होणारा स्पर्श येथे टळतो.

उत्तर 2
वरील उत्तराला एक पुरवणी. या शिळा चौफेर कोरलेल्या असून अनेकदा हरणाचे धड एका बाजूवर आणि शिंगे कोपरा ओलांडून दुसरीवर गेलेली असतात. एकाच जागेवरून घेतलेल्या चित्रात अशी आकृती तुटते. त्यासाठी शिळेभोवती फिरून, एकमेकांवर पुरेशी चढणारी छायाचित्रे घेऊन त्रिमितीय प्रतिकृती करावी. मोजपट्टी चौकटीत असलीच पाहिजे. नंतर प्रतिकृतीवरील रंग काढून फक्त आकार पाहावा, कारण दगडफुलाचे डाग डोळ्यांना हमखास फसवतात. मात्र प्रतिकृती ‘गुळगुळीत’ करण्याचा मोह टाळावा. त्यात टोचे मारल्याच्या खुणाच पुसल्या जातात. मूळ छायाचित्रे जपून ठेवणे त्याहून महत्त्वाचे.

उत्तर 3
तंत्राकडून अवास्तव अपेक्षा मात्र नसावी. एक रेघ दुसरीला छेदते, म्हणजे कोणती आधीची, हे काही वेळा प्रतिकृतीवरून कळते. शिळेचे वय कळत नाही. त्यासाठी शिळांभोवतीच्या लहान दगडी ढिगांखाली पुरलेल्या घोड्यांच्या हाडांचे रेडिओकार्बन मापनच उपयोगी पडले आहे.