प्रकाशक ते आमदार: चरित्रातली वर्षं कशी तपासायची?

पंचवटीकर
नाशिक जिल्ह्यातून साप्ताहिक काढणाऱ्या आणि पुढे आमदार झालेल्या एका गृहस्थांचं छोटं चरित्र करायचं आहे, साधारण ८० पानांचं. हाताशी अमृतमहोत्सवाची स्मरणिका, कात्रणांची वही आणि अंकांचे सहा-सात बांधीव खंड. स्मरणिकेत ते 'संस्थापक-संपादक', एका अंकावर नुसते 'प्रकाशक', दुसऱ्यावर 'मालक'. आमदारकीचाही घोळ आहे. एके ठिकाणी 'दुसऱ्या विधानसभेचे सदस्य', तर दुसरीकडे 'महाराष्ट्राच्या पहिल्याच निवडणुकीत विजयी'. खरं काय ते कशावरून ठरवायचं? आणि सभागृहात काय बोलले ते मिळतं का?

खिळेजुळारी
स्मरणिका तूर्त मिटून ठेवा. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात प्रिंट लाइन असते ती वाचा: 'हे साप्ताहिक मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी या छापखान्यात छापून या पत्त्यावर प्रसिद्ध केले.' मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक ही कायद्याच्या लेखी चार वेगळी नाती. चारही एकाच माणसाकडे असू शकतात, पण सगळी वर्षं तशीच असतील असं नाही. प्रत्येक वर्षाचा जानेवारीचा आणि जुलैचा एक-एक अंक घ्या, चार रकाने आखा, नावं उतरवा. जिथे नाव बदललं तिथे मधले अंक एकेक करून बघा.

बांधीव खंडात एक हमखास गोची असते. बाइंडर कडा कापताना तळाची पट्टी मारतो आणि प्रिंट लाइन अर्धी जाते. अशा वेळी मार्चचा पहिला अंक काढा. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्याच अंकात 'फॉर्म ४' छापावा लागायचा: प्रकाशनाचं ठिकाण, किती दिवसांनी निघतं, मुद्रक-प्रकाशक-संपादकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता, आणि मालकांबरोबर एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागीदार. खाली प्रकाशकाची सही नि तारीख. पैसा कोणाचा होता हे स्मरणिका सांगत नाही, ही चौकट सांगते. निदान कागदावर कोणाचा होता ते तरी.

त्याआधीच्या वर्षांसाठी डिक्लेरेशन, म्हणजे 'या पत्राचा मुद्रक किंवा प्रकाशक मी' असं लेखी निवेदन. १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन ते करत. नाशिकचं असेल तर कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज टाका, साप्ताहिकाचं नाव आणि अंदाजे वर्ष घालून. माणसाच्या नावावर शोधायला सांगाल तर काही हाती लागणार नाही. या डिक्लेरेशनची साक्षांकित प्रत कोर्टातही प्रथमदर्शनी पुरावा धरली जायची, म्हणून वजन तिला. मार्च २०२४ पासून नवा कायदा आल्याने ही रीत गेली. जुने कागद त्यामुळे आणखी मागे सरकायच्या आत काढून घ्या.

मागचा_बाक
आमदारकीचा घोळ मोजणीचा आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा निवडणूक झाली नाही. १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात निवडून आलेले इकडचे सदस्य तसेच नव्या सभागृहात बसले आणि तीच पहिली विधानसभा धरली जाते. १९६२ ची निवडणूक महाराष्ट्राची पहिली, पण तिच्यातून बसलेली विधानसभा दुसरी. म्हणजे तुमची दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. क्रमांक लिहूच नका, साल लिहा.

निकाल निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात मतदारसंघवार मिळतात. इंग्रजीत 'नासिक' असं जुनं स्पेलिंग असेल, त्यानेही शोधा. १९५२ आणि १९५७ ला काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एकाच नावाखाली दोन विजयी दिसले तर ती छापायची चूक नव्हे. १९६१ साली ती पद्धत बंद झाली.

अहवालात नावच नसेल तर विधान परिषद बघा. लोक दोघांनाही 'आमदार'च म्हणतात. परिषदेची मुदत सहा वर्षांची. राज्यपालनियुक्त असतील तर एक गंमत: घटनेच्या १७१ व्या कलमात साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा आहे, पत्रकारिता नाही. तेव्हा 'पत्रकार म्हणून नियुक्ती' असं लिहू नका.

भाषणांसाठी विधान भवनातलं ग्रंथालय. कार्यवाहीचे खंड अधिवेशनवार आहेत. सूचीत सदस्याचं नाव धरून पानं काढायची. इथे नवखे फसतात ते तारांकित प्रश्नात, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नात. प्रश्नावर चार-पाच जणांची नावं एकाखाली एक असतात, त्यातल्या प्रत्येकाने तोंड उघडलेलं नसतं. उपप्रश्न कोणी विचारला ते बघा. तिथे नाव असेल तरच 'सभागृहात आवाज उठवला' लिहा. अर्थसंकल्पी चर्चा आणि कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असे प्रस्ताव) यांत माणूस जास्त कळतो, कारण तिथे मतदारसंघातले रस्ते, पाट, शाळा नावानिशी येतात.

पंचवटीकर
बरंच मार्गी लागलं. फॉर्म ४ बघितले. १९६३ पर्यंत प्रकाशक स्वतः, १९६४ पासून धाकटे बंधू. आमदार झाल्यावर प्रकाशकपद सोडावं लागायचं का?

खिळेजुळारी
नाही. आचार्य अत्रे यांनी नोव्हेंबर १९५६ ला 'मराठा' काढला, १९५७ ला दादरमधून निवडून आले आणि पत्र चालवतच राहिले. तुमच्याकडे निवडणूक १९६२ ची आणि बदल १९६४ चा, म्हणजे कारण वेगळं असणार. मालकी बदलली की नवं डिक्लेरेशन लागायचंच. प्रकाशक ९० दिवसांहून जास्त देशाबाहेर गेला किंवा आजारपणाने, इतर कारणाने काम करू शकत नसला तरीही लागायचं. मालकाचा रकाना तोच आणि प्रकाशकाचा तेवढा बदललेला असेल तर आजारपण किंवा कामाची वाटणी. दोन्ही बदलले असतील तर घरातली वाटणी. दुसरं असेल तर लिहिण्याआधी घरच्यांशी बोला.

मागचा_बाक
अजून एक. विरोधी उमेदवाराने निवड रद्द करा म्हणून निवडणूक याचिका केली होती का ते बघा. उमेदवाराचंच साप्ताहिक असलं की प्रचाराच्या महिन्यातले अंक प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडत. प्रतिस्पर्ध्याच्या खाजगी चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार आहे. १९६६ पर्यंत या याचिका निवडणूक न्यायाधिकरणापुढे चालत, नंतर थेट उच्च न्यायालयात. म्हणून १९६२ च्या निवडणुकीवरच्या याचिकेचा निकाल हायकोर्टाच्या यादीत शोधत बसू नका, राजपत्र चाळा. तुमच्या खंडांमध्ये नेमके त्याच महिन्याचे अंक गायब असतील तर तीही नोंद करून ठेवा.

सावानाप्रेमी
गहाळ अंकांसाठी आधी सार्वजनिक वाचनालय, मग मुंबईला टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. १९५६ पासून वृत्तपत्रांच्या प्रती तिथे पाठवणं कायद्याने बंधनकारक होतं. छोट्या साप्ताहिकांनी प्रत्येक अंक पाठवला असेलच असं नाही. झेरॉक्स करू नका. न्यूजप्रिंटची घडी मोडते आणि मजकुराची एक ओळ चुऱ्यात जाते. खंड पूर्ण सपाट न दाबता दोन्ही बाजूंना उशी द्या, वरून मोबाइलने पानाचा वरचा आणि खालचा भाग वेगळा घ्या, मध्ये चार बोटं मजकूर दोन्हीत येऊ द्या. फाइलला नाव तारखेचं: साल, महिना, दिवस, पान, याच क्रमाने.