अनुभव धागा: ऑफिसात किती सांगायचं, कुणाकुणाला?

१४ जानेवारीला आमच्या ऑफिसात एक प्रसंग ठरलेला. तिळगुळाची वडी हातावर ठेवताना कुणीतरी विचारतं, "मॅडम, आज तुम्ही लवकर निघणार म्हणे? विद्यापीठ गेटवर तुमचा काय कार्यक्रम असतो?" मग मी सांगते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडणं, व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. समोरचा म्हणतो, "हो का? आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तोवर वडी हाताला चिकटलेली. पुढच्या संक्रांतीला तोच माणूस, तोच प्रश्न. अकरा वर्षं झाली.

शिवाय मी "कोट्यातली". खरं तर माझं नाव खुल्या यादीत लागलं होतं, कुठलीही सवलत न घेता. राखीव प्रवर्गातला उमेदवार गुणांवर खुल्या जागी बसू शकतो, हे निम्म्या ऑफिसला ठाऊक नाही. पहिली तीन वर्षं निवड यादीची झेरॉक्स पर्समध्ये घेऊन फिरायचे. घडीवर फाटली, तेव्हा चिकटपट्टी लावायला बसले आणि माझा मलाच राग आला. कोट्यातून आले असते तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं? टाकून दिली.

तुम्ही कधी समजावता, कधी सोडून देता? लिहा. नाव-ऑफिस नको.
(छत्रपती संभाजीनगर)

*

परभणीकडं सहायक कृषी अधिकारी आहे, म्हणजे पूर्वीची कृषी सहायक. कपाशीत गुलाबी बोंडअळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावायला गेले होते. हेक्टरी पाच लावा, सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचं बघा, सगळं सांगितलं. बाबांनी मन लावून ऐकलं आणि गाडीपाशी उभ्या माझ्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, ह्या बाई म्हन्त्यात ते बराबर हाय का?" नवरा शाळामास्तर. म्हणाला, "बाबा, मला वांग्यातली अळीबी वळखू येत नाही."

त्या बाबांचा राग येत नाही, ऑफिसचा येतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की २०१३ च्या कायद्यानं बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, एवढंच बैठकीत बोलले. "तुम्हाला माहितीये ना, मग तुम्हीच बघा." भिंतीवरच्या फलकापासून प्रशिक्षणापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. हळदीकुंकवाचं सामान आधीपासून होतंच.

*

वाळूजला कंपनीत आहे, गाव जिंतूरकडं. "तुमचं मराठी किती छान!" हे ऐकून हसायचं की रडायचं? माझ्या आज्यानंही शिव्या मराठीतच दिल्या. रमजानमध्ये तर रोज, "पाणीसुद्धा नाही?" आता नियम केलाय. प्रश्नाला एक चहा, ईदनंतर वसूल. गेल्या वर्षी तेवीस चहा झाले. पण गावात कुठं दंगल झाली की दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी सगळे माझ्याकडं बघतात, तेव्हा हा नियम चालत नाही. तेव्हा मी भाकरीकडं बघतो.

*

लातूर, बँक. पोलिओचा पाय. दर बदलीला नवी शाखा आणि तीच कथा पहिल्यापासून. आता म्हणतो, "मोठी स्टोरी आहे, निवृत्तीच्या दिवशी सांगेन." रॅम्प मात्र अर्ज करकरून मागितला. तिथं गप्प बसलो नाही.

*

मी विचारणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहायला कचरतोय. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आरक्षणाबद्दल सारखं काहीबाही विचारायचो. जिज्ञासा म्हणून, असं मी म्हणायचो. एकदा त्या म्हणाल्या, "सर, वाचनालय सहा वाजेपर्यंत उघडं असतं." दोन दिवस बोललो नाही. माझं काय चुकलं, हे बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तू उत्तर ऐकायला विचारत होतास की वाद घालायला?" गेलो वाचनालयात. १९७८ सालचं वाचलं. जळालेल्या वस्त्यांच्या वर्णनात आमच्या शेजारच्या गावाचं नाव होतं. घरी कधी कुणी त्याचा उच्चार केला नव्हता, आणि मीही वडिलांना अजून विचारलेलं नाही.

*

धागाकर्तीकडून, वरच्या सरांना: तुमची बदली आमच्या ऑफिसात होते का बघा. संक्रांतीला माझ्या शेजारी बसा. कुणी विचारलं की तुम्ही सांगा, मी वडी खाते. आणि वडिलांना विचारा.